पाण्याचा अदमास : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

घरात लग्नकार्य निघाले की पहिला प्रश्न तांदळाचा येतो. पाहुणे किती येणार हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. कोण किती जेवेल, हे तर त्याहून अनिश्चित. तरीही घरातील जाणती बाई क्षणभर विचार करून एक आकडा सांगते आणि तो फारसा चुकत नाही. पन्नास किलो तांदूळ लागणार असेल तेथे ती चाळीस सांगेल किंवा साठ सांगेल. पाच किंवा पाचशे सांगणार नाही. नेमकी संख्या हाती नसताना तिच्या आसपास पोहोचण्याच्या या विद्येला मराठीत अदमास, अजमास, आडाखा, ठोकताळा अशी कितीतरी नावे आहेत. गावचे पीक आण्यांत मोजणारी जुनी आणेवारी हाही तिचाच एक प्रकार. लग्नघरात अदमास चुकला तर भात उरतो किंवा कमी पडतो. नदीच्या बाबतीत तो चुकला तर शहर वाहून जाते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे बरेचसे आयुष्य नद्यांचा असा अदमास घेण्यात गेले.

त्यांचा जन्म बंगळूरच्या उत्तरेस, चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर रोजी झाला. वर्ष काही नोंदींत १८६० आढळते, तर काहींत १८६१. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. घरी विद्या होती, पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील निवर्तले. पुढचे शिक्षण बंगळूरला मामांच्या आधाराने झाले. एका कोडगू कुटुंबातील मुलांना शिकवावे, त्या मोबदल्यातून स्वतःचा खर्च भागवावा आणि उरलेल्या वेळात सेंट्रल कॉलेजचा अभ्यास करावा, असा त्यांचा दिनक्रम होता. १८८१ साली ते बी. ए. झाले. गणितातील त्यांची गती पाहून म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकण्यास गेले. १८८३ मध्ये तेथील परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून ते रुजू झाले. पुढील सुमारे चोवीस वर्षे नाशिक, धुळे, पुणे हा मुलूख त्यांची कर्मभूमी होता. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा सहवास त्यांना पुण्यातच लाभला.

सरकारी बांधकामात प्रत्येक कामाचा आरंभ अंदाजपत्रकाने होतो. दगड किती, चुना किती, मजूर किती, दिवस किती, हे सारे काम सुरू होण्याआधी कागदावर मांडावे लागते. दगड-चुन्याचा हिशेब त्या मानाने सोपा. भिंतीची लांबी, रुंदी, उंची ठाऊक असली की तो जमतो. पाण्याचे तसे नाही. पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल, त्यातला जमिनीत किती मुरेल, नदीत किती येईल आणि कोणत्या वेगाने येईल, यांतले काहीच आधी मोजता येत नाही. खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यात पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे काम तरुण विश्वेश्वरय्यांकडे आले, तेव्हा पावसाळ्यातील ओढे-नाले माणसाचे वेळापत्रक कसे मोडून टाकतात याचा पहिला धडा त्यांना मिळाला.

पुढे सिंध प्रांतातील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. सिंधू नदीचे पाणी गाळाने भरलेले, आणि ते गाळून घेण्यासाठी मोठे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदण्याचा मार्ग काढला. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत उतरे आणि तेथून ते काठावर आणले जाई. कल्पना साधी दिसते. परंतु तिचा निर्णय एका अदमासावर अवलंबून होता. शहरात माणसे किती, माणशी रोज किती पाणी लागेल आणि वाळूतून दिवसभरात किती पाणी झिरपेल, या तीन गोष्टींचा मेळ बसला तरच योजना उभी राहणार होती.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावाची अडचण वेगळी होती. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. धरण उंच करावे तर पूर आला असता भिंतीवर अधिक भार येऊन ती धोक्यात येणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०३ मध्ये ही दारे कामाला लागली. त्यामुळे पाण्याची पातळी सुमारे ८ फूट वर ठेवता आली आणि साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला. केवळ आठ फुटांनी इतका साठा कसा वाढला, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तलाव हा वाडग्यासारखा असतो. वाडग्याच्या तळाशी बोटभर पाणी म्हणजे चार घोट. काठाशी तेच बोटभर पाणी त्याच्या कितीतरी पट असते. तलावाचा वरचा पसारा किती हे एकदा ध्यानात घेतले की कागदावर दोन ओळींत या लाभाचा अजमास येतो. दारे बनवण्याचे कष्ट त्यानंतरचे.

नीरा कालव्यावर त्यांनी १८९९ च्या सुमारास आणलेली पाळीपाळीने पाणी देण्याची पद्धत मात्र शेतकऱ्यांच्या गळी उतरवणे कठीण गेले. कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे उसासाठी हवे तितके पाणी घेत. त्यांच्या जमिनी पाणथळ होत आणि शेवटची गावे कोरडी राहत. कालव्यात एकूण पाणी किती, एकर उसाला किती लागते आणि ज्वारीला त्याच्या किती अंश पुरते, हे मांडून त्यांनी जमिनीचे गट पाडले आणि पिकांची फेरपालट ठरवून दिली. ज्यांचे पाणी कमी होणार होते त्यांनी विरोध केला. तो विरोध समजण्याजोगाच होता. आकडे कितीही बरोबर असले तरी पाणी कमी होणाऱ्या शेतकऱ्याला ते गोड लागत नाहीत.

विश्वेश्वरय्यांविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. धावत्या गाडीचा आवाज बदललेला ऐकून पुढे रूळ तुटला आहे हे त्यांनी ओळखले आणि साखळी ओढून गाडी थांबवली, अशी ती कथा. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी लागली ती हैदराबादेत.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पूल वाहून गेले, वस्त्या नाहीशा झाल्या. आज जेथे उस्मानिया रुग्णालय आहे त्या परिसरातील एका चिंचेच्या झाडावर चढून शंभराहून अधिक माणसे वाचली, ही आठवण त्या शहराने अद्याप जपली आहे. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारची नोकरी सोडून युरोपच्या प्रवासात होते. निजाम सरकारचे बोलावणे आले आणि १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले. शहर पुन्हा बांधायचे होते, आणि असा पूर पुन्हा येणार नाही याची तजवीज करायची होती.

पण ज्या पुरापासून शहर वाचवायचे तो पूर केवढा होता? पूर आला त्या रात्री नदीच्या काठावर उभे राहून पाणी मोजणारा कोणी नव्हता, आणि असता तर तोही वाहून गेला असता. मागे राहिल्या होत्या त्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा, फुटलेले तलाव आणि काही ठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी. विश्वेश्वरय्यांनी या नोंदी गोळा केल्या. शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि तिची उपनदी ईसी यांचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल होते. त्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस पडल्याची नोंद होती.

एवढ्या माहितीवरून पुराच्या आकाराचा अदमास कोणालाही घेता येतो. हे गणित करून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मैल म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख चौरस फूट. तेव्हा ८६० चौरस मैल म्हणजे सुमारे २,४०० कोटी चौरस फूट. पाऊस बारा इंचांहून थोडा अधिक, म्हणजे ढोबळमानाने एक फूट धरू. एकूण पाणी झाले २,४०० कोटी घनफूट. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. हे सारे पाणी एका दिवसात संथपणे एकसारखे वाहून गेले असे मानले, तर दर सेकंदाला सुमारे पावणेतीन लाख घनफूट पाणी शहरातून जाणार.

या गणितात उणिवा पुष्कळ आहेत. शमशाबादइतकाच पाऊस सगळीकडे पडला असेल असे नाही. काही पाणी जमिनीत मुरले असेल. उलट, पूर एकसारखा कधीच वाहत नाही. त्याचा एक माथा असतो आणि त्या वेळी प्रवाह सरासरीपेक्षा कितीतरी मोठा होतो. त्यातच वरचे तलाव एकामागून एक फुटत गेले आणि त्यांच्यातले साठलेले पाणीही पुराला येऊन मिळाले. यांतल्या काही चुका आकडा वाढवतात, काही घटवतात; त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. म्हणून एक गोष्ट निश्चित सांगता येते : पुराचा आकडा लाखांत होता. तो वीस-तीस हजार नव्हता आणि तीस लाखही नव्हता. सर्व बाजूंनी तपास केल्यानंतर या पुराचा सर्वांत मोठा प्रवाह दर सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट होता, असा अंदाज बांधण्यात आला. पाचवीतल्या मुलाला जमेल असा गुणाकार-भागाकार आणि अनुभवी अभियंत्याचा तपास यांची उत्तरे एकाच घरात बसतात.

या आकड्यावरून पुढचा निर्णय झाला. एवढे पाणी शहरातील पात्रात मावणे शक्य नव्हते. काठ कितीही बांधले तरी ते अपुरे पडले असते. तेव्हा पाणी शहरापर्यंत पोहोचण्याआधीच अडवायला हवे होते. विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर रोखण्यासाठी योजलेल्या या जलाशयांनी पुढे कित्येक वर्षे हैदराबादला पिण्याचे पाणीही पुरवले.

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता म्हणून बंगळूरला परतले. शिवनसमुद्र येथील धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती. ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाई आणि १९०५ पासून बंगळूरचे रस्तेही तिने उजळले होते. मात्र उन्हाळ्यात कावेरी आटली की वीज कमी पडे. कन्नंबाडी गावाजवळ कावेरी अडवून मोठा साठा करावा, म्हणजे विजेला अखंड पाणी मिळेल आणि मंड्याच्या कोरड्या जमिनी भिजतील, अशी योजना त्यांनी मांडली. खर्चाचा आकडा पाहून संस्थानचे अधिकारी दचकले. महाराज कृष्णराज वाडियार (चौथे) यांनी विश्वास टाकला आणि १९११ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी ८१ लाख रुपये मंजूर झाले. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने मात्र हरकत घेतली आणि कमी साठ्यालाच संमती दिली.

येथे विश्वेश्वरय्यांनी मोठे धाडस केले. दगडी धरणाच्या पायाची रुंदी त्याच्या उंचीवरून ठरते. लहान धरणाच्या पायावर मागाहून मोठे धरण चढवता येत नाही. त्यांनी परवानगी लहान धरणाची असताना पाया मोठ्या धरणाचा घातला. वाद प्रतिकूल गेला असता तर तो सारा खर्च जमिनीत गाडला गेला असता. पुढे १९२४ मध्ये म्हैसूर आणि मद्रास यांच्यात करार झाला आणि कृष्णराजसागर पूर्ण उंचीचे झाले. त्याची साठवण सुमारे ४९ अब्ज घनफूट आहे. जुने कन्नंबाडी गाव मात्र पाण्याखाली गेले. तेथील लोकांचे घरदार कोणत्याही अंदाजपत्रकात पुरते मावणारे नव्हते.

कावेरीचा वादही कराराने संपला नाही. कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात तो जवळजवळ शंभर वर्षे चालला. त्याच्या मुळाशीही एक अदमासच होता : कावेरीच्या खोऱ्यात वर्षाला पाणी येते तरी किती? २००७ मध्ये लवादाने ७४० अब्ज घनफूट हा आकडा धरला. दोन वर्षांतून एका वर्षी तरी तेवढे पाणी येईल असा त्याचा अर्थ. भांडण पेटते ते उरलेल्या वर्षी.

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, चंदन तेलाचा आणि साबणाचा कारखाना या साऱ्यांचा आरंभ याच काळातला. नोकऱ्यांतील राखीव जागांच्या प्रश्नावर मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. त्या प्रश्नावरील त्यांची भूमिका पुढच्या पिढ्यांना पटलेली नाही, हेही नमूद करायला हवे.

त्यांचे सर्वच आडाखे बरोबर आले असेही नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना पहिल्या महायुद्धाच्या काळात योजला गेला. लोखंडाचे भाव तेव्हा चढे होते. १९२३ मध्ये प्रत्यक्ष लोखंड निघू लागले तोवर युद्ध संपून भाव कोसळले होते आणि कारखाना तोट्यात गेला. नदीचा पूर पावसाच्या नोंदींवरून ताडता येतो. बाजाराचा पूर ताडायला तशी नोंदवही नसते. कारखान्याची सूत्रे विश्वेश्वरय्यांनी स्वतःकडे घेतली आणि काही वर्षे खपून त्याची घडी बसवली. बंगळूरमध्ये १९३८ साली तरुणांना हस्तव्यवसायांचे आणि यंत्रकामाचे शिक्षण देणारी जयचामराजेंद्र संस्था निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

नदीचा हिशेब करणाऱ्या माणसाने शेवटी देशाचाही हिशेब मांडला. दादाभाई नवरोजींनी पूर्वी पीक, मीठ, खाणी, उद्योग यांच्या तुटपुंज्या आकड्यांवरून भारतीय माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये असल्याचा अदमास काढला होता. सरकारी बाजूने त्यावर वाद घातला गेला. पण कोणीही ते दोनशे असल्याचे दाखवू शकले नाही. विश्वेश्वरय्यांनी १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि दहा वर्षांत देशाचे उत्पन्न दुप्पट करण्याची योजना त्यात मांडली. उत्पन्न किती हेच नीट ठाऊक नसताना ते दुप्पट झाले हे कसे कळणार, ही अडचण त्यांना ठाऊक होती. म्हणून आकडेवारी गोळा करणे हा त्यांच्या योजनेचा मोठा भाग होता.

१९५२ मध्ये बिहारात गंगेवर पूल कोठे बांधावा हा प्रश्न निघाला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले विश्वेश्वरय्या समितीचे प्रमुख म्हणून तेथे गेले. मुसी आणि कावेरी यांच्यापुढे गंगा म्हणजे वेगळ्याच मापाची नदी. पात्र कोठे स्थिर आहे, पुरात ते किती फाकते, खांबांचा पाया कोठे टिकेल, याची त्यांनी जागेवर पाहणी केली. मोकामा येथील तो पूल १९५९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दरम्यान १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला होता.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. जन्मवर्ष १८६० धरले काय किंवा १८६१ धरले काय, त्यांनी शंभरी ओलांडली होती. मुद्देनहळ्ळी येथे त्यांचे स्मारक आहे.